अडतीस दगड, माझ्या क्रमाने

कासारवाडी
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

दीक्षा,

निष्काळजी म्हणजे काय गं? शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पण आमच्या साहेबांनी, उद्धवरावांनी, सगळ्या लॅबसमोर तुझी मेल वाचून दाखवली, तेव्हा तो शब्द माझ्यासाठी आहे हे कळायला मला दोनदा विचारावं लागलं. "दगड दळणाऱ्या महिला कामगाराच्या निष्काळजीपणामुळे नमुन्यांत बाहेरचं शिसं मिसळलं असावं." महिला कामगार! आत्या लिहायची लाज वाटत होती तर कस्तुरा शेजवळ तरी लिहायचंस. अकरावीपासून पाच वर्षं या महिला कामगाराच्या घरात जेवलीस तू.

आशीर्वाद मागाहून. फोन कट करतेस म्हणून पत्र लिहिते. अक्षर वाईट आहे, शाळा चौथीपर्यंत, हे तुला ठाऊक आहे. ते सुधारायला आता वेळ नाही.

ऐक. अडतीस दगड तू स्वतः आणून दिलेस. सप्टेंबरात, दोन लाकडी खोक्यांत, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा. अर्जेंटिनाचे आहेत म्हणालीस, विझत आलेल्या ज्वालामुखींचे. तुमच्या हैदराबादच्या संस्थेतली चक्की बंद होती, म्हणून उद्धवरावांना गळ घातलीस. त्यांनी होकार दिला तो माझ्या तोंडाकडे बघून. नाहीतर आमच्या लॅबला काय, फाउंड्रीचं लोखंड आणि रस्त्याची खडी तपासून उसंत नसते.

अकरा वर्षं मी तिथे दगड भरडते. आधी दगड धुवायचा, सुकवायचा, हातोडीने मधोमध फोडायचा. अर्धा बाजूला ठेवायचा, अर्धा जबड्यात टाकायचा. जबडा म्हणजे ते भरडायचं मशीन, दोन लोखंडी पाट्यांमध्ये दगड चावून बोराएवढा करतं. मग तो चुरा अकीकाच्या, गारेसारख्या कठीण दगडाच्या, भांड्यात घालून पिठासारखा दळायचा. आणि प्रत्येक दगडाचं पहिलं मूठभर फेकून द्यायचं. हे मला कुठल्या साहेबाने शिकवलं नाही. पाट्याला नवी टाकी लावली की पहिलं वाटण कुणी खातं का? कचकच लागते दाताखाली. पहिलं वाटण पाट्याचं, दुसरं आपलं. मी तसंच करायला लागले, तर पुढे केमिस्ट प्रीतम सर म्हणाले, मावशी, पुस्तकात पण हेच लिहिलंय.

आणि तू मला निष्काळजी म्हणतेस.

शिसं कुठून येणार? माझ्या बांगड्या काचेच्या आहेत. हातमोजे घालते. दोन दगडांच्या मध्ये जबडा ब्रशने झाडते, हवेने फुंकते, फडक्याने पुसते. रोज पुसते. त्याही दिवशी पुसला होता.

उद्धवरावांनी एक कागद टाइप करून समोर ठेवलाय. "माझ्या निष्काळजीपणामुळे नमुने खराब झाले, हे मला मान्य आहे." खाली माझ्या नावाला जागा. मार्चमध्ये तपासणीवाले येणार, त्यांना फाइलमध्ये काहीतरी कारण दाखवायचंय. २८ तारखेपर्यंत सही पाहिजे. मी म्हटलं, करणार नाही. ते म्हणाले, "कस्तुराबाई, तुमच्या भाचीनेच लिहिलंय, मी नाही."

तर तूच ते मागे घे. मेल परत लिही आणि सगळ्यांना पाठव, ज्यांना ज्यांना पहिली पाठवली होतीस.

कस्तुरा


कासारवाडी
सोमवार, ९ फेब्रुवारी

दीक्षा,

अडीच पानी पत्राला तीन वाक्यांचा मेसेज. शेजारच्या वर्षालीकडून मोठ्याने वाचून घेतला, म्हणजे चूक नको. "आत्या, सही करून टाक, नोकरी जात नाही. मी इथे फार अडचणीत आहे. आणि त्याही दिवशी म्हणजे कुठल्या दिवशी?"

नोकरी जात नाही हे तुला कुणी सांगितलं? परवापासून मी चक्कीवर नाही. बाटल्या धुते आणि लादी पुसते. माझ्या जागी ठेकेदाराचा माणूस ठेवलाय, तो एक दगड झाला की त्याच भांड्यात दुसरा ओततो. झाडत नाही, फुंकत नाही. मी म्हटलं, "अहो, निदान ब्रश फिरवा." तर म्हणतो, "मावशी, दगडात दगड, काय फरक पडतो?" त्याला कुणी निष्काळजी म्हणत नाही, कारण त्याला अजून भाची नाही. सही केली की मी कायमची लादीवर. अकरा वर्षांनी माझ्याबद्दल फाइलीत एकच ओळ राहणार, आणि ती तू लिहिलेली.

तुझी अडचण मला कळते. शिकले नाही म्हणून समजत नाही असं धरून चालू नकोस. माझ्याच ओट्यावर बसून सांगितलंयस ना सगळं? समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतो. बाकी ठिकाणी तो घुसून सरळ खाली बुडतो, पण तुझ्या डोंगरांखाली आडवाच सरकत जातो, दाराच्या फटीतून लाइटबिल सरकवतात तसा. म्हणून वरचे ज्वालामुखी विझत आले. जे थोडे उरले त्यांचा रस जाड जमिनीतून वर येताना त्या जमिनीचं काहीबाही घेऊन येतो. काय घेतलं ते दगडाच्या पिठात सापडतं, आणि त्यावरून खाली न खणता कळतं की रस कुठून निघाला. त्या बुडत्या तळातून, की जमिनीच्याच बुडाशी काही वितळून.

मी तेव्हा म्हटलं, मग हे कळकलेल्या आमटीसारखंच झालं. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात चिंचेची आमटी ठेवली की तिला पातेल्याचा कळक लागतो. जीभ लावली की सांगता येतं, भांडं कुठलं होतं. तू हसलीस आणि वहीत लिहून घेतलंस. मग बंगलोरच्या सभेत तेच बोललीस. व्हिडिओ पाहिला मी. "आमच्याकडे एक बाई म्हणतात," असं बोललीस. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. एक बाई! तिथे एक बाई आणि इथे महिला कामगार. आत्या फक्त डब्याच्या वेळेला.

तू हेही सांगितलंस की जमिनीच्या बुडाशी तामडा असतो, लाल खडा. तो एक धातू स्वतःजवळ दाबून ठेवतो, वर जाऊ देत नाही. इट्रियम. दगडात इट्रियम कमी आणि स्ट्रॉन्शियम जास्त निघालं, की समजायचं रस खोलवर तामड्याजवळून आला. आणि शिसं चार तऱ्हेचं असतं, त्या चारांचं एकमेकांशी प्रमाण बघून खालची जमीन किती जुनी ते कळतं. बरोबर ना? मग मेलमध्ये तर फक्त शिसं बिघडलंय असं लिहिलंयस. एक शिसं बिघडलं म्हणून सगळे अडतीस दगड फेकायला निघालीस? एका वांग्याला कीड म्हणून टोपली ओतून देणारी तू माझ्या घरात तयार झालेली नाहीस.

कुठला दिवस ते विचारू नकोस. मी रोजच पुसते असं लिहिलंय, तेच वाच.

कस्तुरा


कासारवाडी
शनिवार, १४ फेब्रुवारी

दीक्षा,

परत तोच मेसेज. "कुठला दिवस, आत्या?" बापावर गेलीस. तोही असाच एक प्रश्न धरून बसायचा, समोरचा रडेपर्यंत.

तर ऐक. ३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस.

१ तारखेला खंडेनवमी होती. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी मशीनं पुजतात हे तुला सांगायला नको. हार, हळद, कुंकू, नारळ. मी त्या वेळी बाहेर गेटपाशी उभी राहते. आपल्यात नाही ते, आणि ज्यांच्यात आहे त्यांचं त्यांनी करावं, माझं काही म्हणणं नाही. दसऱ्याला सुट्टी, मी देहूरोडच्या विहारात गेले होते. ३ तारखेला येऊन बघते तर जबड्याच्या आत, पाट्यांच्या दातांमध्ये, लालभडक शेंदूर. तेलात कालवलेला, चांगला बोटभर जाड.

मी फडक्याने पुसला. ब्रश मारला. खडीचे चार दगड भरडून फेकले. लाल दिसायचा बंद झाला. मग तुझे दगड घातले.

मला माहीत होतं की पाट्या खोलायला हव्यात. आठ बोल्ट, दोन तासांचं काम, रॉकेलने धुऊन परत बसवायचं. पण पाट्या खोलायला उद्धवरावांची परवानगी लागते, आणि परवानगी मागायची तर कारण सांगावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मी एकदा सांगितलं होतं. तेव्हा नुसतं कुंकू होतं, अकीकाच्या भांड्याच्या काठाला. मी म्हटलं, साहेब, आत नको लावायला. तर सगळ्यांदेखत म्हणाले, "कस्तुराबाई, तुमच्यात नसेल, आमच्यात असतं." बस, एवढंच. पण पुढे पंधरा दिवस चहाच्या वेळी माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. आता मी दगडाचं बोलत होते की देवाचं, हे तू सांग. त्यांनी देवाचं ऐकलं.

म्हणून या वेळी तोंड बंद ठेवलं. पुसलं आणि गप्प बसले. पहिल्या पत्रात तुझ्यापासूनही लपवलं. ही माझी चूक, आणि ती मी कुणापुढेही म्हणेन. पण निष्काळजी? काळजी होती म्हणून तर गप्प बसले. फक्त ती काळजी दगडाची नव्हती.

तुझी मेल वाचली त्या दिवसापासून शिसं, शिसं डोक्यात घुमत होतं. परवा प्रीतम सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, शेंदूर कशाचा असतो हो? ते म्हणाले, "जुना खरा शेंदूर म्हणजे शिशाचीच भाजलेली भुकटी, मावशी. का हो?" मी म्हटलं, काही नाही.

मग शालनबाईला गाठलं. ती आमच्याकडे नमुने पिशव्यांत भरते, म्हाळुंग्याची, पूजेची सगळी तयारी तिचीच. डबा खाताना विचारलं, "शालन, जबड्याच्या आत शेंदूर तू घातलास?"

"व्हय. मग?"

"आत कशाला? बाहेर लावायचा ना, पत्र्याला."

"आगं, त्येचं नावच जबडा. देवाला तोंडाला लावत्यात का पाठीला? दरसाल कुकूच असतंय, ह्या साली भावानं जेजुरीच्या वाटंवरनं शेंदूर आनला हुता चांगला. म्हनलं, मशीनला बी मिळू दे."

"त्या शेंदरात शिसं असतं. माझ्यावर आळ आलाय त्याने."

ती घास हातात धरून बसली. मग म्हणाली, "देवाचा शेंदूर कुनाला बाधत न्हाई कस्तुरे."

"देवाला नाही बाधला. दीक्षाच्या दगडांना बाधला."

"म्हंजी आता माजं नाव सांगनार तू?"

ती डबा झाकून उठली. भाकरी तशीच राहिली. या वयात तिला दुसरीकडे कोण ठेवून घेणार आहे? तिचं नाव मी सांगितलं की त्या कागदावर माझ्या जागी तिचं नाव टाइप होईल. उद्धवरावांना एक बाईच तर हवी आहे सहीला.

आता तुझ्या कामाचं. हसू नकोस. तुला शिशाच्या प्रमाणावरून जी निराळी जुनी जमीन सापडली होती ना डोंगरांखाली, जिच्यावर तू पान भरून लिहिलंस आणि वरच्या परीक्षकांनी नाही म्हणून परत पाठवलं, ती शालनबाईच्या डबीतली आहे. कुठल्यातरी खाणीतलं शिसं, कुठल्यातरी कारखान्यात भाजलेलं. ते अर्जेंटिनाला कधी गेलं नाही.

कस्तुरा


कासारवाडी
गुरुवार, १९ फेब्रुवारी

दीक्षा,

आज शिवजयंतीची सुट्टी, बाहेर स्पीकर लागलेत, म्हणून ओळी वाकड्या आल्या तर समजून घे.

तुझा फोन आला ते बरं झालं, पण तू बोललीस ते बरं नाही. म्हणे, "आत्या, शेंदूर असेलही, पण मला ते दाखवता येणार नाही. बिघडलेले दगड कसेही विखुरलेत, एक इथला, एक तिथला. त्यात काही रीत नाही. म्हणून तर निष्काळजीपणा लिहिलं." आणि म्हणालीस, सही केलीस तर सगळ्यांचंच सोपं होईल. सगळ्यांचं म्हणजे कुणाचं, ते सांगायच्या आत फोन ठेवलास.

फोन ठेवल्यावर मी तुझंच वाक्य घेऊन बसले. एक इथला, एक तिथला. कुठून इथला? तुझे आकडे समुद्राकडून आत जातात. एक नंबर किनाऱ्याजवळचा, अडतीसवा पार आतला. तू तक्ता मांडतेस तो त्या आकड्यांनी. पण मी काय आकड्यांनी दळले का? मी दगड बघून दळले. ठिसूळ आधी, चिवट मागून, म्हणजे पाट्यांचे दात टिकतात. आणि कुठल्या दिवशी कुठला दगड घातला ते माझ्या वहीत आहे. मेलमध्ये तू ती वही कुणी मागितल्याचं लिहिलं नाहीस, कारण तू मागितलीच नाहीस. महिला कामगाराकडे वही असेल असं तुला वाटलं नाही.

खंडेनवमीच्या आधी बावीस दगड झाले होते. ते सगळे चांगले असणार. ३ ऑक्टोबरला सकाळी पहिला घातला तो तुझा ३१ नंबर. मग ९. मग १७. मग ४. दुपारी २६ आणि १२. दुसऱ्या दिवशी २०, ३५ आणि पुढचे. पानाचा फोटो वर्षालीने तुला पाठवला आहे, तारखांसकट.

आता मी तुझे आकडे पाहिलेले नाहीत. कागद तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. तरी सांगते. ३१ ला बाहेरचं शिसं सगळ्यांत जास्त असणार. ९ ला त्याहून कमी. १७ ला आणखी कमी. ४ ला थोडं. दुपारपर्यंत संपत आलेलं, दुसऱ्या दिवशी जवळपास नाही. तेलातला शेंदूर दातांच्या खाचेत बसला होता, आणि एकेक दगड तो पुसत गेला. निष्काळजी बाई अशी पायरीपायरीने निष्काळजी नसते गं. ती कुठेही सांडते. आणि शेंदराने बिघडलं तर शिसंच बिघडेल. इट्रियम, स्ट्रॉन्शियम जिथल्या तिथे. तुझा तामडा खरा आहे. जाड जमिनीच्या बुडाशी तुझे दगड वितळले, हे तुझं म्हणणं मी भरडलेल्या दगडांनीच सांगितलंय, ते तू स्वतःच का पुसतेस?

काल लॅब सुटल्यावर शालनबाई बसस्टॉपवर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. चार दिवस बोलली नव्हती. बस आली तरी चढली नाही. म्हणाली, "घाल माजं नाव. पर येक लिव्ह, मला कुनी सांगितलं नव्हतं शेंदरात काय असतंय. तुला म्हाईत हुतं का?" मी म्हटलं, मलाही नव्हतं. "मग दोघीबी अडाणी," ती म्हणाली, "आन् पूजेला फुडं हुबा राहून नारळ फोडनारा सायब शिकल्याला."

तेव्हा मी उद्धवरावांना काय देणार ते ठरलंय. त्यांचा टाइप केलेला कागद नाही. माझ्या हाताने लिहिलेला. पूजेत जबड्याच्या आत शेंदूर लागला. पूजा लॅबची होती, साहेबांच्या समोर झाली, एकट्या कुणाची नव्हती. ३ तारखेला मला तो दिसला, मी पुसला आणि सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तेही दोन वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यासकट लिहिलंय. त्यांना फाइलमध्ये ठेवायचा असेल तर ठेवतील. नाही ठेवला तर तपासणीवाल्या साहेबांच्या हातात मी देईन, मला त्यांची भीती नाही. लादी पुसणारीला कुठून काढणार?

पण त्या कागदासोबत तुझा कागद लागतो. माझ्या एकटीच्या बोलण्याला तिथे किंमत नाही, हे तुझ्या मेलने सगळ्यांना शिकवलंय.

म्हणून मी मागते ते नीट वाच. तुझे शिशाचे आकडे माझ्या क्रमाने मांड. बस, दुसरं काही नको. माया नको, माफी नको, दिवाळीला येते वगैरे नको. ३१, ९, १७, ४, २६, १२. आकडे या क्रमाने उतरत गेले तर उद्धवरावांना लिही, ज्यांना ज्यांना पहिली मेल गेली त्या सगळ्यांना लिही, आणि त्यात माझं नाव पूर्ण घाल. आणि खंडेनवमीनंतरच्या त्या सोळा दगडांचे उरलेले अर्धे, जबड्याचं तोंडही न पाहिलेले, कुणी टाकून देऊ नये म्हणून मी घरी आणून पलंगाखाली पिशव्यांत ठेवलेत. ये आणि ने. हातोडीने फोडून अकीकाच्या खलात दळून घे, हवं तर मी दळून देते, तू समोर बसून बघ.

आणि आकडे माझ्या क्रमाने उतरले नाहीत, तर तसंही लिही. मग उद्धवरावांच्या त्याच कागदावर, एक अक्षर न बदलता, २८ तारखेला मी सही करीन आणि तुला पुन्हा तोंड दाखवणार नाही. हे मी वर्षालीच्या आणि शालनबाईच्या देखत बोलले आहे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी, संध्याकाळी सहाच्या आत. मेसेज चालणार नाही. आकडे पाहिजेत.

कस्तुरा शेजवळ